अभिवादनाची परीक्षा

पद्मालयाच्या गजाननाला आणि वाग्देवतेला प्रथम वंदन. बोरी नदीच्या काठी असलेल्या आमच्या संस्कृत पाठशाळेच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे आणि जुन्या परीक्षकांनी तीत एकेक आठवण लिहावी, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. मी निवडलेली आठवण मंगल म्हणता येईल अशी नाही. परंतु ती पाठशाळेचीच आहे आणि तिच्यातून उद्भवलेला प्रश्न आजही विश्वस्तांपुढे आहे. म्हणून ती याच पृष्ठांवर यावी, हे उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी पाठशाळेत काव्य आणि व्याकरण शिकवण्यासाठी कायम अध्यापकाची एक जागा निघाली. मुलाखतीला आम्ही तिघे बसलो होतो: पाठशाळेचे कार्यवाह नाना, धुळ्याचे एक निवृत्त प्राचार्य आणि मी. आमच्याकडे मुलाखतीचा आरंभ अभिवादनाने होतो. उमेदवाराने दोन्ही हातांनी आपले कान धरून, आपण कोणत्या ऋषींच्या गोत्रातले, कोणत्या वेदशाखेचे आणि कोण, हे संस्कृतात सांगून परीक्षकांना वाकून वंदन करायचे. परीक्षकांनी त्याला आशीर्वाद द्यायचा. यालाच प्रत्यभिवादन म्हणतात. ते मिळाले की पुढचे प्रश्न सुरू होतात. न मिळाल्यास मुलाखत तेथेच संपते. हा नियम कोणी केला हे मला ठाऊक नाही. मी आलो तेव्हा तो होता.

प्रथम जळगावच्या एक विवाहित बाई आल्या. त्यांनी कान धरले आणि मध्येच थांबून विचारले, "गोत्र माहेरचं सांगू की सासरचं?"

प्राचार्य खुलले. "दोन्ही सांगा. एक चुकलं तर दुसरं उपयोगी पडेल!"

यावर कार्यवाहांनी विवाहसंस्काराचा आधार देऊन सासरच्या बाजूने मत मांडले, प्राचार्यांनी माहेरची बाजू घेतली आणि ती चर्चा बराच वेळ रंगली. मूळ परंपरेत स्त्रियांसाठी असे अभिवादन सांगितलेलेच नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. तरी आम्ही वाट काढली. बाईंनी सासरचे गोत्र सांगितले, तिघांनी आशीर्वाद दिला. पुढील उत्तरेही त्यांनी चांगली दिली.

त्यांच्यानंतर आली ती आमच्याच पाठशाळेत तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुणी. एरंडोलजवळच्या खेड्यातले तिचे कुटुंब बौद्ध. वडील एस.टी.त वाहक होते. संस्कृतात एम.ए. करून ती रोज बसने येत असे. लहान वर्ग तिच्याकडे होते आणि मुले तिला सोडत नसत. तासिकांचे काम दर उन्हाळ्यात संपते आणि पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते. वडील निवृत्त झाले होते, धाकटी बहीण शिकत होती. ही कायम जागा तिच्यासाठी काय होती, ते निराळे सांगायला नको.

"हं, करा अभिवादन," कार्यवाह म्हणाले.

"नाना, मी वंदन करीन. पण मला गोत्र नाही."

कार्यवाहांनी प्राचार्यांकडे पाहिले. प्राचार्य स्वभावाने दुष्ट नव्हते. तिला साहाय्य करावे, असेच त्यांच्या मनात होते. ते म्हणाले, "अहो, त्यात काय अवघड आहे? गोत्र ठाऊक नसेल त्याने काश्यप म्हणावं, अशी सोय शास्त्रानंच करून ठेवली आहे. काश्यप म्हणा आणि सुटा!"

"सर, ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती सोय. मला ठाऊक आहे. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली. आम्ही कोण आहोत हे आमच्या घरात सगळ्यांना नीट माहीत आहे. काश्यप म्हटलं तर ते खोटं होईल."

"बेटा, तू मुलाखतीला आलीस की वादाला?" कार्यवाहांनी विचारले.

"नाना, वादसभेत जिंकणाऱ्याला इथे शाल देतात ना?"

मला हसू आले. प्राचार्यही किंचित हसले. कार्यवाह मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "शाल वेगळी, नियम वेगळा."

"पण लहान मुलांना अभिवादन मीच शिकवते. मागच्या श्रावणात विश्वस्तांपुढे ज्यांनी केलं, ती माझीच मुलं. तेव्हा आपण सर्वांनी त्यांना आशीर्वाद दिलेत."

"शिकवणं वेगळं," कार्यवाह पुन्हा म्हणाले.

त्या दुपारी सर्वच गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या होत्या.

मग तिने कान धरले. आपले नाव, आपले गाव आणि ज्यांच्याकडे ती संस्कृत शिकली त्या अध्यापकांचे नाव, एवढे तिने संस्कृतात स्वच्छ उच्चारले आणि आम्हां तिघांना वाकून वंदन केले. गोत्राच्या जागी तिने काहीही घातले नाही.

मी "आयुष्मती भव" म्हणालो.

"शास्त्रीबुवा," कार्यवाह हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही प्रत्यभिवादन केलंत. म्हणजे अभिवादन मान्य केलंत."

"केलं. वंदन करणाऱ्याला आशीर्वाद न देणं हा मोठ्यांचा दोष आहे, असंच मला गुरूंनी शिकवलं. मघाच्या बाईंसाठी आपण वाट काढलीच होती."

"त्यांना गोत्र तरी होतं. ज्याला दोन आहेत त्याच्यासाठी वाट काढता येते. नाहीच त्याला काय करणार?"

प्राचार्य तिच्याकडे वळून जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "एक शब्द आहे हो, ताई. एका शब्दासाठी नोकरी घालवता?"

"तो एक शब्द आपण सोडला तरी चालेल ना, सर?" ती म्हणाली. या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. खरोखरच उत्तर हवे असल्यासारखा तो विचारला होता. एकाविरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि तिची मुलाखत संपली. तिला काव्यातला वा व्याकरणातला एकही प्रश्न विचारला गेला नाही.

ती बाहेर आली तेव्हा मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी मागोमाग येत होतो, म्हणून त्यांचे अहिराणीतले बोलणे कानांवर पडले.

"काय व्हयनं वं माय?"

"गोत्र इचारं, अक्का."

"बठ्ठा पोरे तुनापाशी शिकतस, मंग आतेच कशी याद उनी?"

सगळी मुले तुझ्यापाशी शिकतात, मग आताच गोत्राची आठवण कशी आली, हा अक्कांचा प्रश्न ऐकून ती हसली. मला पाहून थांबली आणि म्हणाली, "आबा, आशीर्वाद दिलात, बरं वाटलं. पण त्यानं जागा मिळत नाही." तिचे म्हणणे खरे होते.

जागा जळगावच्या बाईंना मिळाली. त्या विदुषी आहेत आणि मनापासून शिकवतात. त्यांच्या निवडीत त्यांचा काही दोष नाही. आमची तरुणी उन्हाळ्यापर्यंत तासिका घेत राहिली. त्यानंतर दोन वर्षे ती शिकवण्या घेत होती, असे ऐकले. आता ती धुळ्याच्या एका महाविद्यालयात शिकवते. तेथील मुलाखतीत तिला प्रथम एका श्लोकाचा अन्वय विचारला, असे तिने मला दूरध्वनीवर सांगितले.

पुढे विश्वस्तांनी या प्रसंगाचा विचार केला, आणि तो सद्भावनेने केला, हे मी मानतो. त्यांनी नियमात एक वाक्य वाढवले: ज्या उमेदवारास गोत्र नसेल, त्याने काश्यप गोत्र सांगावे. हे वाक्य सभेत वाचले गेले तेव्हा टाळ्या वाजल्या. दार सर्वांसाठी उघडले, असे एक वक्ते म्हणाले. ज्या शब्दापाशी ती मुलगी थांबली, तोच शब्द आता उंबरठ्यावर कायमचा बसवला गेला आहे, हे त्या सभेत मी उठून सांगितले. तेव्हा वेळ संपत आली होती. विषय पुढील बैठकीवर गेला आणि तेव्हापासून तो पुढच्याच बैठकीत आहे.

माझी विश्वस्तांना विनंती एवढीच आहे. पाठशाळेत वंदन असावे, आशीर्वादही असावा. परंतु वंदनाची परीक्षा नसावी. येणाऱ्याने आपली जी ओळख सांगितली ती ऐकून घ्यावी आणि मग विद्या विचारावी. मी वयाने थकलो आहे. काश्यप गोत्राचे ते वाक्य नियमातून काढलेले पाहावे, अशी इच्छा आहे, पण तिचे फळ माझ्या हाती नाही.

वाचकहो, आपणांस आणि आपल्या घरच्या लहानथोरांस आरोग्य लाभो, घरात अन्न आणि विद्या यांची कधी वाण न पडो. दारी आलेल्याचे वंदन आपल्याकडून कधीही अनुत्तरित न राहो.