कडूलिंबाचं लाटणं

रिटायर झालो, एसटीचं स्टेअरिंग सुटलं आणि घरात बसून मी सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागलो. शेवटी बायकोच म्हणाली, "काहीतरी करा जी, नाहीतर मले येड लागीन." म्हणून खामगावात एका ओळखीच्या खरादीच्या दुकानात जाऊन बसू लागलो. लाकूड गरगर फिरवायचं, पटाशी टेकवायची, की छिलके उडतात. असा नाद लागला की घराच्या मागच्या खोलीत मोटारीवरचा छोटा खरादच बसवला. पोरगा म्हणाला, "बाबा, या वयात?" म्हटलं, "मंग कोणत्या? मेल्यावर?"

यंदा बायकोला लकवा मारला. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ वळेना. जीभ शाबूत होती, तरी बोलणं बंद. सून पोळ्या करायची आणि ही भिंतीकडं तोंड करून पडायची. जिनं जन्मभर मला धारेवर धरलं, ती आता कशालाच नावं ठेवीना. खरं सांगतो, मी लई भ्यालो.

डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा. पण घरातलं बारीक लाटणं तिच्या मुठीतून सटकायचं. मग मी जाड मुठीचं लाटणं करायला घेतलं. अंगणातल्या कडूलिंबाची फांदी नुकतीच छाटली होती. म्हटलं, औषधी झाड, हाताला गुणच येईल! ओलं लाकूडच खरादावर चढवलं. लाटणं झालंही झकास. सुनेनं त्या लाटण्यानं पोळ्या केल्या, आणि पहिल्याच घासाला घरभर तोंडं वाकडी झाली.

बायकोनं घास गिळला आणि माझ्याकडं पाहिलं.

"कडूलिंबाचं लाटणं करते काय जी कोणी? तेही ओलं? पाडव्याले खाल्ला तो पुरला नाही? अक्कलही खरादावर छिलून टाकली काय?"

मी हसता हसता रडायलाच लागलो. ती थांबेना. "दात काय काढता? वाळल्या बाभळीचं करा."

केलं. तिनं एकेक बोट त्या मुठीवर बसवलं, वरून डावा हात दाबला आणि पोळी लाटली. एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली. सून मदतीला सरकली, तर ही खेकसली, "सरक तिकडं! अजून जित्ती हावो मी."

ती पोळी मी एकट्यानं खाल्ली. कोणाला तुकडासुद्धा दिला नाही.