आतेचा राहिलेला प्रश्न

माझ्या आतेने ज्याला एकही प्रश्न विचारलेला नाही असा माणूस सिंधुदुर्गात उरला असेल, तर तो अजून जन्मायचा असणार. मसुऱ्याहून मालवणला येईपर्यंत एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, तिच्या जावेचं दुखणं आणि पिशवीतली सुरमई कुणासाठी चाललीय, एवढं तिला कळलेलं असतं. दाताच्या डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं, तर तिने तेवढ्यात त्याचं लग्न ठरलंय का ते विचारून घेतलं. सत्तरी ओलांडली तरी ही भूक कमी होत नाही. ती अंगणात दिसली की घरातल्या सगळ्यांना एकदम कामं आठवतात, मलाही.

म्हणूनच मालवणच्या एका लहानशा संग्रहालयात बोलणारं यंत्र आल्याचं कळताच मी तिला तिकडे नेलं. मोबाइलएवढं ते यंत्र हातात धरायचं, वस्तूसमोर उभं राहून काहीही विचारायचं, की आतून एका बाईचा गोड आवाज उत्तर देतो. आतेने आधी वस्तू सोडून त्या आवाजाचीच चौकशी केली. "तू खंयची गो?" आपण माणूस नसून संगणकाची प्रणाली आहोत, असं त्याने नम्रपणे सांगितलं. "ता झाला. पण गाव खंयचो?" यावरही आवाज चिडला नाही. मालवणी त्याला समजत होती, उत्तरं मात्र तो कचेरीतल्या मराठीत देत होता. जुनं जातं, होकायंत्र, मासळीची टोपली असं करत करत आते तासभर विचारत राहिली. इतका वेळ तिला कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

मग खलाशाची एक लाकडी पेटी आली. आत काय ठेवत, असं आतेने विचारलं. कपडे, तांदूळ, सुईदोरा असावा, असं सांगून आवाजाने उलट विचारलं, "तुमच्या घरी अशी पेटी होती का?"

आतेने यंत्र खाली धरलं. मग सावकाश सांगू लागली. तिचे वडील गलबतावर होते. समुद्रात काय असतं ते बघायला ती एकदा त्यांच्या पेटीत लपून बसली. किनाऱ्यावर पेटी जड लागली म्हणून त्यांनी ती उघडली आणि पोट धरून हसले. परत आलो की सगळं सांगेन, म्हणाले. ते गलबत परत आलंच नाही. आजोबा समुद्रात गेले एवढं मला माहीत होतं. पेटीचं कधी कानावर आलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"आते, काय विचारणार होतीस त्यांना?"

तिने माझ्याकडे न बघता यंत्र तोंडाजवळ नेलं. "गलबतार चूल खंय मांडतत गो?"

लाकडी चौकटीत वाळू भरून तिच्यावर मातीची चूल मांडत, आवाज म्हणाला. वारा लागू नये म्हणून आडोसा करत आणि भात शिजवत.

आते पेटीकडे वळली.

"म्हणजे बाबा गरम भात जेवायचे," ती म्हणाली.