नंतर आठवण करा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, चौकशीच्या खिडकीमागे एक चिंचोळी खोली होती. त्या खोलीत गेली एकोणीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर बसत होता. दोनशे बारा एक्स्टेन्शन त्याला तोंडपाठ. समोरच्याने नुसता श्वास घेतला तरी तो ओळखायचा, की ही रक्तपेढी, हे भूल देणारे डॉक्टर, आणि हे आपले नेहमीचे आजोबा. ज्यांना कुठलाच विभाग नको असतो, कुणीतरी "बोला" म्हटलं की पुरतं. ऑपरेटरला जन्मापासून दिसत नव्हतं. पण फोनवर भेटणाऱ्या शेकडो लोकांना याचा पत्ता नव्हता, आणि तो लागावा असं त्यालाही कधी वाटलं नाही.

खोलीत त्याच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी. एक लाकडी खुर्ची, जिचा आखूड पाय औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी घालून त्याने सरळ केला होता. आणि दुसरी, खिशातली बाई.

बाई म्हणजे त्याच्या मोबाईलमधला आवाज. बोट जिथे टेकेल तिथे काय लिहिलंय ते ती वाचून दाखवी. तिचा वेग त्याने असा वाढवून ठेवला होता, की बायकोला ती डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी ऐकू येई.

"अहो, ही श्वास कधी घेते?" बायको विचारायची.

"तुझ्यासारखीच आहे."

"माझं एक वाक्य तरी शेवटपर्यंत ऐकता का हो? तिचं बरं सगळं ऐकता!"

आरोप खरा होता.

तर या बाईच्या तोंडी गेले कित्येक महिने एकच पालुपद होतं. सकाळी फोन हातात घेतला की ती पहिल्यांदा म्हणायची, "नवीन अपडेट उपलब्ध आहे. आता करा. नंतर आठवण करा." ऑपरेटर उजवीकडे एकदा बोट सरकवायचा, दोनदा टिचकी मारायचा, की झालं 'नंतर आठवण करा'. पुढेपुढे ती "नवीन अप" एवढं म्हणेपर्यंत त्याचं बोट काम उरकून मोकळं झालेलं असे.

त्याला भित्रा म्हणू नका. दुधाने तोंड पोळलं होतं म्हणून तो ताक फुंकत होता. दोन वर्षांमागे असाच मोठा अपडेट आला, त्याने भाबडेपणाने 'आता करा' म्हटलं, आणि बाई तीन दिवस मुकी झाली. त्या तीन दिवसांत घरात मुक्कामाला असलेल्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, परोपकार म्हणून त्याचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. स्वयंपाकघरातल्या माणसालाही ऐकू जावेत असे. रक्ताचा रिपोर्ट वाचला, साहेबांची नोटीस वाचली, आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेटरच्या शाळेतल्या मित्राचा मेसेज वाचला, "काय रे, तुझा तो अतिशहाणा मेहुणा गेला का अजून ठाण मांडून आहे?"

मेहुणा वाचता वाचता थांबला. मग म्हणाला, "दाजी, याला उत्तर काय लिहू?"

बायको आठवडाभर हसत होती. ऑपरेटरही हसला, पण आतून त्याला कुणीतरी भर बाजारात कपडे उतरवल्यासारखं झालं होतं. आपल्याला आलेलं पत्र आपल्याआधी दुसऱ्याच्या तोंडात जावं, हे त्याने शाळेच्या वसतिगृहात पुष्कळ भोगलं होतं. बाई बोलू लागली त्या दिवशी त्याने पहिलं काम काय केलं, तर स्क्रीनवर पडदा टाकला. फोनमध्ये तशी सोयच असते. तीन बोटांनी तीन टिचक्या मारल्या की काच काळी होते, फोन चालू राहतो. ज्याला काच बघायचीच नाही, त्याला तिच्यात उजेड असला काय न् नसला काय. शेजारून डोकावणाऱ्या मेहुण्याला मात्र काळ्या काचेत फक्त स्वतःचं नाक दिसणार. पडदा टाकला, कुणाला सांगितलं नाही, आणि ऑपरेटर ते विसरून गेला, जसा माणूस खिडकी एकदा बंद केली की विसरतो.

अशी सगळी घडी बसलेली असताना गुरुवारी प्रशासनातल्या मॅडम त्याच्या खोलीत आल्या.

"हा टेलिफोनचा जुना बोर्ड सोमवारपासून बंद," त्या म्हणाल्या. "सगळे कॉल आता ॲपवर येणार. तुम्ही ते तुमच्या मोबाईलवरून जोडायचे. तुमच्या फोनची आवृत्ती कुठली?" त्याने बाईकडून ऐकून सांगितली. " अहो, ही तर जुनी आवृत्ती! यावर नाही चालायचं ते."

"अपडेट केला तर चालेल?"

"चालायला हवं. पण तुमच्या त्या वाचणाऱ्या आवाजाबरोबर ॲप चालतं का, ते कंपनीवाल्यालाही माहीत नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका. नाहीच जमलं तर रेकॉर्ड रूममध्ये बसा. पंखा आहे तिथे. पगारात काही फरक नाही."

"तिथे काम काय?"

"काम असं काही नाही. आराम करा ना! एकोणीस वर्षं केलंत की."

माणसं वाईट नसतात. त्यामुळेच त्यांच्याशी भांडताही येत नाही. ऑपरेटर "बरं मॅडम" म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बालरोग विभागाचा कॉल धोबीखान्याला जोडला.

शुक्रवारी त्याचं बूड एका जागी ठरेना. अपडेट करावा तर बाई मुकी होण्याची भीती, न करावा तर पंख्याखालची खुर्ची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येऊन तो सेटिंगमध्ये जाई, 'आता करा'वर बोट ठेवी, बाई म्हणे, "आता करा, बटण," आणि तो बोट असं उचली जसं तव्यावर पडलं होतं. जेवताना त्याने तीन वेळा मीठ मागितलं. मीठ पहिल्याच वेळी दिलेलं होतं.

"करून टाका की एकदाचा," बायको म्हणाली. "पाण्यात पडलं की पोहता येतं."

"बुडताही येतं."

"मग नका करू."

"असं कसं नका करू? सोमवारी काय तिथे शोभेची कुंडी म्हणून बसू?"

"मग माझं डोकं तरी खाऊ नका!"

शनिवारी कामावर गेला तर बसायला गेल्यावर ढुंगणाखाली प्लॅस्टिक. शिपायाने त्याची लाकडी खुर्ची आधीच रेकॉर्ड रूममध्ये नेऊन ठेवली होती. "मॅडम म्हणाल्या, सोमवारी घाई नको व्हायला." पुठ्ठा मात्र तिथेच फरशीवर पडलेला ऑपरेटरच्या पायाला लागला. त्याने तो उचलून खिशात टाकला.

रविवारी सकाळी सकाळी तो कालचाच शर्ट अडकवून, काठी घेऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मित्राकडे गेला. हाच तो मेसेजवाला मित्र. त्यालाही दिसत नसे, आणि पेट्या, पियानो असली वाद्यं सुरात लावायचं त्याचं काम होतं.

"मी केला अपडेट," मित्र म्हणाला.

"मग? बोलते का?"

"बोलते. पण बटणं हलवलीत सगळी. आपण शिकलेल्या घरात कुणीतरी रात्रीतून पलंग सरकवावा तसं वाटतं. चार दिवस नडग्या फुटतात."

"माझ्याकडे चार दिवस नाहीत. उद्याच आहे."

"मग इथे माझं डोकं खात काय बसलायस? जा घरी. आणि हे बघ, मुकी झालीच, तर मला मेसेज पाठवू नकोस. तुझा मेहुणा आलाय ना कालच?"

आला होता. योग बघा.

घरी येईपर्यंत ऑपरेटरचा शर्ट घामाने चिंब झाला होता. तो त्याने न्हाणीघराशी कपड्यांच्या ढिगावर भिरकावला, पलंगावर बसला, आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून एका दमात 'आता करा' दाबलं.

एक तास वीस मिनिटं फोन गप्प होता. तेवढ्या वेळात ऑपरेटरने घरातली सगळी भांडी पुसली, त्यातली काही कोरडीच होती. मग फोन थरथरला, आणि बाई बोलली, "स्क्रीन लॉक आहे. पासकोड भरा."

"बोलली!" तो ओरडला. बायको हातातलं टाकून आली. त्याने सहा आकडे दाबले. बाई म्हणाली, "स्वागत आ"

आणि थांबली. अर्ध्या शब्दात. त्याने टिचकी मारली, बोट सरकवलं, फोन हलवला. काही नाही.

"काय दिसतंय गं?"

"काहीच नाही. काळंठिक्कर."

तेवढ्यात मेहुणा आला. फोन हातात घेऊन त्याने काचेवर तीनचार बोटं आपटली, कानाशी लावला, वास घेतला की काय कोण जाणे. "गेला, दाजी. आवाज नाही, उजेड नाही. मदरबोर्ड. दुकानात नेतो, सगळं पुसून नव्याने टाकून आणतो."

"सगळं पुसून?"

"मग काय! नंबर, मेसेज, तुमच्या त्या बाईचं सेटिंग, सगळं साफ. पाटी कोरी. मग मी बसून भरून देईन ना सावकाश. आहे मी महिनाभर."

महिनाभर! पण उद्या सकाळी आठला बोर्ड बंद होत होता आणि हातात मेलेला फोन होता. मेहुण्याने चपला घातल्याचा आवाज आला. दार उघडलं. ऑपरेटरने "ने बाबा" म्हणायला तोंड उघडलंच होतं, की न्हाणीघरातून बायकोची हाक आली.

"अहो! तुमचा शर्ट बोलतोय!"

"काय?"

"शर्ट, शर्ट! बादलीत टाकणार होते, तर किरकिर ऐकू आली. मला वाटलं रातकिडा शिरला खिशात."

ऑपरेटर भिंत चाचपत धावला. शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याची घडी होती, आणि तिच्याखाली त्याचा बिनवायरचा इअरफोन. रस्त्याने मित्राकडे जाताना बाईकडून वाटा विचारत गेला होता, परत येताना कानातून काढून खिशात टाकला, बंद करायचा राहिला. आधी फोन सांगितल्याशिवाय त्याच्याशी जोडला जात नसे. नवा अपडेट जास्त उत्साही निघाला. पासकोड भरताच त्याने आपण होऊन इअरफोन शोधला आणि बाईला तिकडे धाडून दिलं. ती बिचारी गेली दहा मिनिटं मळक्या कपड्यांत तोंड खुपसून बोलत होती.

त्याने इअरफोन कानाला लावला. "जाऊ नकोस!" तो मेहुण्याला ओरडला. "काचेवर बोट टेकव."

"टेकवलं."

"सूचना, चार," बाई कानात म्हणाली. तीच बाई. तोच वेग.

"जिवंत आहे! आण इकडे."

"अहो दाजी, पण स्क्रीन काळी आहे ना! ती कशी?"

आता ऑपरेटरला आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा पडदा. ज्याच्यासाठी टाकला, तोच समोर उभा राहून विचारत होता. आवाज नाही म्हणून त्याने फोन मेला मानला, उजेड नाही म्हणून बायकोने आणि मेहुण्याने. आणि दोन्ही बाजूंच्या साक्षी एकमेकांशी अशा जुळल्या की खुद्द फोनचं कुणी ऐकलंच नाही.

"ते..." तो म्हणाला, "बॅटरी वाचवायला."

बायको हसू दाबतेय हे त्याला नाकातून येणाऱ्या आवाजावरून कळलं.

दुपारभर तो नव्या ॲपशी झटत बसला. मित्र खोटं बोलला नव्हता. पलंग सगळे सरकले होते. आतल्या खोलीतून बायको फोन करी, "हॅलो, एक्सरे द्या." तो बोट सरकवी, मोजी, टिचकी मारी, आणि तिचा कॉल कापला जाई. "हॅलो, तुमच्याकडे माणसं कामाला आहेत की नाहीत?" ती आता रंगात आली होती. सातव्यांदा कॉल जोडला गेला. पंधराव्यांदा त्याला मोजावं लागलं नाही. तेविसाव्यांदा परत चुकला, आणि त्याला त्या रात्री झोप काही धड लागली नाही.

सोमवारी सकाळी खोलीत गेला तर प्लॅस्टिकची खुर्चीही नेलेली. मॅडम दारात होत्या.

"झालं का हो तुमचं? नाहीतर आजचा दिवस मी दुसरं कुणी..."

फोन थरथरला. ऑपरेटरने एक बोट वर करून मॅडमना थांबवलं. एकोणीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पहिला कॉल त्याने रक्तपेढीला जोडायचा तो चुकून गच्चीवरच्या लिफ्टवाल्याला जोडला, मॅडमनी सुस्कारा टाकला, त्याने कॉल परत घेतला, "एक मिनिट हं" म्हणाला, आणि रक्तपेढीला दिला. दुसरा बरोबर गेला. तिसरा नेहमीच्या आजोबांचा.

"बोला," ऑपरेटर म्हणाला.

"आज आवाज लांबून येतोय तुमचा," आजोबा म्हणाले.

"उभा आहे ना, म्हणून असेल."

नऊ वाजेपर्यंत एकतीस कॉल झाले, चार चुकले. मॅडम केव्हा निघून गेल्या ते त्याला चपलांवरून कळलं. मग जिन्याकडून काहीतरी जड घासत आणल्याचा आवाज आला आणि शिपाई धापा टाकत म्हणाला, "मॅडमनी सांगितलं, परत द्या म्हणून. पण ही हलतेय हो."

"ठेव तिथे," ऑपरेटर म्हणाला. डाव्या हाताने खिशातला पुठ्ठा काढून त्याने आखूड पायाखाली सारला, आणि उजव्या हाताने प्रसूती विभाग जोडला.