मोठ्या बाईंची तपासणी

आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत सगळ्यात मोठा आवाज मुख्याध्यापिकेचा, म्हणजे मोठ्या बाईंचा. गंगापूर रोडवरच्या शेजाऱ्यांना याची भारी गंमत वाटे. बाई म्हणत, "पोरांसाठी माझे हात आहेत. आवाज सरकारसाठी. अनुदान काय गप्प बसून मिळतं?"

वसतिगृह अनुदानावरच चालायचं. ते थांबलं की हरसूलकडच्या मुलांची शाळाही संपली. आणि नेमकी हीच मुलं द्राक्षांच्या छाटणीला आईबापांबरोबर वणीकडे निघून जात. दोन-तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तपासणी लागली, तेव्हा निम्मे बाक रिकामे होते. संस्थेतल्या एका शहाण्याने सुचवलं, "शेजारच्या शाळेतली पोरं आणून बसवू. गप्प राहिली म्हणजे झालं."

बाई उसळल्या. "माझी पोरं गप्प बसतात, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तपासणीचे साहेब आले, तर बाईंनी चहासुद्धा विचारला नाही. "मुलं इथं नाहीत. चला, दाखवते," म्हणत त्यांच्याच जीपमध्ये जाऊन बसल्या. मागे मी, त्यांच्या हाताखालची शिक्षिका, जीव मुठीत धरून. असला आगाऊपणा त्याच करू जाणे!

बागेत आमची मंगला छाटलेल्या काड्या गोळा करत होती. साहेबांनी तिच्या वडिलांना फैलावर घेतलं, "शाळा बुडवून मुलीला कामाला लावता?"

"कामाला नाय सायेब, जवळ ठिवतो," ते म्हणाले. "लांब काय दुखलं-खुपलं, तर सांगंल कशी ती?"

बाईंनी मंगलाला खुणांनी काहीतरी विचारलं. पोरीचे हात भराभर चालू लागले.

"दाढ दुखतेय तिची," बाई वडिलांना म्हणाल्या. "दिवाळीपासून."

ते मटकन बांधावरच बसले. मला फार वाईट वाटलं त्यांचं. थोड्या वेळाने उठून त्यांनी स्वतःच मंगलाला जीपमध्ये बसवलं. साहेबांनी पुन्हा आठवड्याने यायचं ठरवलं, तोवर मंगलाची गोष्ट ऐकून बहुतेक पालकांनी मुलं परत पाठवली आणि अनुदान टिकलं. पुढे मंगलाचे वडील आले की बाई त्यांना तासभर ऑफिसात समोर बसवून घेत, आणि तेवढा वेळ त्यांचा आवाज बाहेर येत नसे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बाई वारल्या. सुट्टी संपल्यावर मंगलाला सोडायला वडील आले, तेव्हा फाटकावर शिपायाने त्यांना ते सांगितलं. मंगला धावत आत आली आणि तिने खुणेने मला विचारलं, मोठ्या बाई कुठे?

इतकी वर्षं मी ही भाषा शिकवते आहे, पण हात उचलवेनात. शेवटी वडीलच पुढे झाले. लेकीसमोर उकिडवे बसले आणि मोडक्यातोडक्या खुणांनी त्यांनीच तिला सगळं सांगितलं.