दसरूची पाठ

दसरूनं माझ्याकडे पाठ केली, अंगातली बंडी वर ओढली, ओसरीचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "मारा जी लाथ."

मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून उभा. ओसरीवर बसलेले बाकीचे पेशंट खोकायचे थांबले. डॉक्टर लाथ कशी मारतो हे त्यांनाही पाहायचं होतं.

ही करणी माझ्या आईची. ती आदल्या आठवड्यात वर्ध्याहून माझ्याकडे राहायला आली होती. विहिरीवर बायकांशी ओळख झाली आणि बोलता बोलता ती सांगून बसली की, आमचा बापू पायाळू आहे. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेलं मूल. असा माणूस मोठा झाला आणि त्यानं दुखत्या पाठीवर लाथ मारली, तर कंबरेतली चमक निघून जाते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पाच वर्षं मेडिकल कॉलेजात घालवून मी जे कमावलं नव्हतं, ते आईनं एका सकाळी मला मिळवून दिलं.

मी तेव्हा चामोर्शीकडच्या एका गावात दवाखाना सांभाळत होतो. गोष्ट पन्नासच्या दशकातली. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोलीही त्या चांद्यातच मोडायची. दवाखान्यात मी, कंपाउंडर रज्जाकभाई आणि औषधांचं एक कपाट, एवढाच कारभार. वैनगंगेचा घाट जवळ होता आणि दसरू त्या घाटावरचा डोंगेवाला. बांबूनं डोंगा रेटत माणसं पलीकडे नेणं हा त्याच्या घरचा धंदा. मीही कितीदा त्याच्याच डोंग्यातून गेलो होतो. तो उभा राहून नाव रेटायचा आणि मी काठ घट्ट धरून बसायचो. मी मुळात भित्रा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो. पुढचं समजायला सोपं जाईल.

"लाथ नंतर बघू," मी म्हणालो. "आधी आत ये. कुठं दुखतंय ते दाखव."

त्यानं कंबरेवर हात ठेवला आणि तो कुल्ल्यावरून, मांडीच्या मागून, पोटरीपर्यंत खाली नेला. "इथून इजेवानी चमकते जी. रात्री झोप नाई. बांबू रेटाले गेलो का पाय लटपटते."

या दुखण्याला आम्ही सायटिका म्हणतो. मणक्यांच्या मधून एक जाड नस निघते आणि पायात उतरते. ती वर कुठे दाबली गेली की दुखतं मात्र खाली, थेट पोटरीत. ओझं उचलणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या माणसांना हे होतंच. बहुतेकांना काही आठवडे कडक फळीवर झोपवलं की बरं वाटतं. म्हणून मी निर्धास्त होतो. त्याला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. अर्ध्यावरच तो ओरडला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे होतं.

मग मी म्हणालो, "अंगठा वर कर." अंगठा हलला, पण माझ्या बोटानं दाबल्यावर लगेच खाली पडला. टाचणी टोचली तर पावलाच्या वरच्या बाजूला त्याला नीट कळेना. मी त्याला पालथा केला आणि मानेपासून खाली मणक्यांवरून बोट फिरवत आणलं. कंबरेच्या जरा वर बोट अडलं. माळेतला एखादा मणी बाहेर यावा तसा एक मणका किंचित वर आलेला. मी तिथे हलकेच टिचकी मारली आणि दसरूच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"संध्याकाळी अंग गरम होतं का रे?"

उत्तर त्याची बायको पार्बता हिनं दिलं. ती दारात उभी होती. "रोज होते जी. आन घाम किती येते! जेवन तर सोडलंच यानं. बंडी पाहा न, कशी लोंबून राह्यली."

हा साधा सायटिका नव्हता. हा मणक्याचा क्षय असावा. क्षय फक्त छातीचा असतो असं लोकांना वाटतं, पण तो हाडातही बसतो. वाळवी लागलेलं लाकूड बाहेरून धड दिसतं, तसं ते हाड आतून पोकळ होत जातं. त्याच हाडांमधल्या नळीतून दोन्ही पायांच्या, लघवीच्या, सगळ्या नसा जातात. असा मणका एकदा ढासळला की माणूस कंबरेखाली लुळा होतो. आणि या पाठीवर मी लाथ मारावी म्हणून हा गडी सकाळपासून माझी वाट पाहत होता.

मी त्याला साध्या शब्दांत सांगितलं. लाथ नाही, शेक नाही, चोळणं नाही. चांद्याला जायचं, एक्स-रे काढायचा.

दसरू उठून बसला. "काऊन जी? आमच्या पाठीले पाय लावाची लाज वाटते का?"

"लाज नाही रे. हाड मोडेल."

"आन चांद्याले नेलेला मानूस वापस येते का? आमच्या मोहल्ल्यातले दोघं नेले होते. दोघंबी गेले."

ते खरं होतं. लोक पेशंटला चांद्याला न्यायचे ते अगदी शेवटच्या घटकेला, सगळे उपाय थकल्यावर. त्यामुळे चांदा म्हणजे मरण, असा हिशोब पक्का झाला होता. मी बरंच समजावलं. तो काठी टेकत निघून गेला. पार्बता एकदा मागे वळून माझ्याकडे बघत राहिली.

तो गेल्यावर रज्जाकभाई बाटल्या पुसत म्हणाले, "साब, कल बाजार है. शिरपत आयेगा."

"कोण शिरपत?"

"लकडे के डेपो पे काम करता है. वो भी पायाळू है. इमली के नीचे लाथा मारता है. एकेक लाथ ऐसी, के बैल खडा हो जाए."

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. आईनं विचारलं तेव्हा मी तिच्यावरच चिडलो. "कशाला सांगितलंस त्या बायकांना?" ती म्हणाली, "खोटं सांगितलं का मी? तुझ्या पायांनी मले कसा तरास देल्ला, ते मलेच मालूम."

दुसऱ्या दिवशी ओपीडी रज्जाकभाईंवर सोपवून मी बाजारात गेलो. चिंचेखाली दहा-बारा माणसं उघड्या पाठीनं बसलेली. शिरपत म्हणजे दाराएवढा माणूस. सागाचे ओंडके उचलून उचलून त्याच्या मांड्याही तशाच झालेल्या. माझ्यासमोर त्यानं एका म्हाताऱ्याला लाथ मारली. म्हातारा पुढच्या माणसाच्या अंगावर जाऊन पडला आणि हसत उठला. त्याच्यानंतर दसरू होता. तो झाडाच्या बुंध्याला धरून उभा होता, डोळे मिटून. पार्बताच्या हातात नारळ.

शिरपतनं धोतर खोचलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "याच्या आंधी कोना पायाळूपुढं पाठ केली होती का?"

दसरूनं बुंधा आणखी घट्ट धरला. मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता, पण खरं उत्तर मला माहीत होतं. मी गर्दीतून घुसत ओरडलो, "माझ्यापुढं! काल! माझ्यापुढं केली होती!"

शिरपतचा पाय जमिनीवरच राहिला. तो दोन पावलं मागे झाला. "असं काऊन नाई सांगतलं बे?" तो दसरूवर खेकसला आणि मग त्यानं मला हात जोडले. "मंग मले जमत नाई जी. ज्याच्यापुढं पयले पाठ केली, त्याचाच पाय. दुसऱ्यानं लावला त दोघाइचं वाईट होते."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण पुढच्याच क्षणी तो म्हणाला, "लावा जी साहेब. पाठ तुमची आहे."

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. 'नाही' म्हणणं मला शक्य होतं. पण मग दसरू घरी जाणार, कोणी तरी पाठ रगडून देणार, कोणी तापलेल्या विळ्याचा डाग देणार. काल त्याला हाड, नस, क्षय सगळं सांगून झालं होतं. त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोचेल असं माझ्याजवळ एकच होतं, आणि ते आईनं दिलं होतं.

"फळी आणा," मी म्हणालो. "माझी रीत वेगळी आहे. मी झोपवून पाय लावतो."

तांदूळ विकणाऱ्याच्या दुकानाची रुंद फळी आली. तिच्यावर घोंगडी घातली. चौघांनी दसरूला अंग न वाकवता पालथं ठेवलं. मी जोडा काढला. आता मला एका पायावर उभं राहायचं होतं आणि दुसरा पाय त्याच्या अंगाला लावायचा होता. माझा तोल गेला तर? मी त्या मणक्यावरच पडलो तर? जे शिरपतच्या लाथेनं व्हायचं टळलं, ते माझ्या घाबरटपणानं होईल, असं मनात आलं.

"शिरपतभाऊ, मला धर," मी म्हणालो.

त्यानं मला दंडाला धरून जवळजवळ उचलूनच घेतलं. मी पाय पुढे केला, मणक्यापासून दूर, कुल्ल्यावर, अंगठ्याचं टोक टेकवलं आणि काढून घेतलं. माशी बसावी इतकंच. गर्दीत कोणी तरी म्हणालं, "बस, इतकंच?"

"इतकंच," मी म्हणालो. "आता पथ्य ऐका. पाय लागला की माझ्या हुकमाशिवाय उठायचं नाही. बसायचं नाही. कूस बदलायची ती चौघांनी धरून. आणि याच फळीवर, अशीच, ही पाठ चांद्याला गेली पाहिजे. पथ्य मोडलं तर पायाचा गुण उलटेल."

दसरू फळीवर गाल टेकून पडला होता. "नाई मोडत जी," तो म्हणाला.

काल तासभर समजावून जे झालं नाही, ते झालं.

त्याच दुपारी आम्ही निघालो. बैलगाडीतून हिसके बसले असते, म्हणून माणसांनी फळी खांद्यावर घेतली. शिरपतही एका टोकाला होता, न सांगता. घाटावर दसरूचा भाऊ डोंगा घेऊन तयार. पाऊस उघडला होता, पण नदी अजून भरलेली होती. आडवा पडलेला दसरू भावाला सांगत होता, "डावीकून घे, तिकडं पानी ओढून राह्यलं." जन्मभर त्यानं लोकांना नेलं, आज त्याला कोणी तरी नेत होतं. नदीच्या मध्यावर तो एकदम बोलायचा थांबला.

"साहेब, दोन्ही पायाइले मुंग्या आल्या."

दोन्ही पायांना! मी डोंग्यात गुडघ्यावर बसलो, खिशातली किल्ली काढून त्याच्या तळव्यावर रेघ ओढली. "कळतं का? अंगठा हलव. हलव रे!" पार्बता तोंडात पदर घालून माझ्याकडे बघत होती. अंगठा हलला. एक नीट, दुसरा कसाबसा. पलीकडचा काठ येईपर्यंत मी तेच करत होतो. शेवटी दसरूच वैतागून म्हणाला, "गुदगुल्या होतेत जी." इतकं सुंदर वाक्य मी पेशंटच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

मूल गावापर्यंत पायी आणि तिथून चांद्यापर्यंत छोट्या रुळांच्या आगगाडीनं, गार्डाच्या डब्यात.

सिव्हिल सर्जननी एक्स-रे उजेडापुढे धरला. एका मणक्याची पुढची बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी गेली होती आणि शेजारचाही धरला होता.

"इथपर्यंत कसा आणलात?"

"फळीवर, सर."

"गुड. एक धक्का बसता तर संपलं होतं." मग ते माझ्याकडे वळले. "पण पेशंट सांगतोय की डॉक्टरांनी लाथ मारली."

"पाय लावला, सर."

"कुठं?"

"कुल्ल्यावर, सर. अंगठा फक्त."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे कोणाला सांगू नका," ते म्हणाले.

उपचार लांबले. पाठीच्या मापाचा प्लॅस्टरचा साचा करून त्यात दसरूला महिनोन्महिने झोपवून ठेवलं. हाड हललं नाही तरच ते भरून येतं. जोडीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, तेव्हा नवीन होती. पार्बता तिथेच राहिली. मी मधून मधून जायचो. पहिलं कामच अंगठा हलवायला सांगायचं. हिवाळ्यात ताप उतरला. उन्हाळ्यात पट्टा बांधून तो उभा राहिला.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी घाटावर गेलो तेव्हा डोंगा त्याचा भाऊ रेटत होता आणि दसरू काठावर उभा राहून माणसं बोलावत होता. बांबूला त्यानं पुन्हा हात लावायचा नव्हता. मला पाहून तो पाया पडायला निघाला.

"वाकू नको!" मी ओरडलो. वाकायची त्याला सक्त मनाई होती.

तो थांबला, विचारात पडला. मग पाण्यात उतरला, छातीएवढ्या पाण्यात, मी उभा होतो त्या दरडीच्या खाली. तिथून माझा पाय त्याच्या हाताच्या उंचीला आला. न वाकता, ताठ उभं राहून त्यानं माझ्या उजव्या पायावर दोन्ही हात ठेवले.

"इंजेक्शनं त तिथं लय जनाइले देतेत जी," तो डोंग्यातल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पन मले गुन आला तो या पायानं."

मी काही दुरुस्ती केली नाही. एक गोष्ट मात्र पुढे नोकरीभर पाळली. कंबर दुखते म्हणून कोणीही आलं, कितीही घाईत असलो, तरी मानेपासून खाली एकदा बोट फिरवायचं. आणि नवीन गावी बदली झाली की आईला आधी बजावायचं, विहिरीवर काही बोलू नको.