शकुवन्संच्या मापाचे बूट

गेल्या महिन्यात मिलिंदने, माझ्या मुलाने, सांगितलं, "शकुआत्या झोपेतच गेली गं." मी आधी चिडलेच. संध्याकाळी आम्हा नणंद-भावजयींचं फिरायला जायचं ठरलं होतं, आणि शब्द मोडायची शकुवन्संची रीत नव्हती...

मी लग्न होऊन नाशिकला आले त्याच वर्षी त्यांना बघायला घोटीहून मंडळी आली होती. पोहे झाले आणि मुलाच्या मावशीने फर्मान काढलं, पाय ओले करून फरशीवर चालून दाखव. मुलीचा पाय फताडा नाही ना, हे तेव्हा असं बघत. फताड्या पायाने म्हणे घरातली लक्ष्मी जाते! वन्सं चालल्या. फरशीवर भाकरीसारखे अख्खे ठसे उमटले. मावशींचं तोंड आंबलं, तशी वन्संनी तांब्या मुलापुढे सरकवला. "आता तुम्ही चाला." मंडळी चहाला थांबली नाहीत. दाराआडून मी पुटपुटले, काय बाई आगाऊ मुलगी! माझ्या पायाला सुरेख कमान होती ना, त्याचा तोरा. निमुळत्या, उंच टाचांच्या चपला मी मुद्दाम एक नंबर लहान घ्यायची आणि मेन रोडवरून निखाऱ्यांवरून चालल्यासारखी चालायची. वाटायचं, लोक वळून बघताहेत. बघत होतेच... ही बया पडते कधी म्हणून!

लग्नाचा विषय वन्संनी तिथेच मिटवला. अंबडच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने सुटे भाग तपासायचं काम धरलं. पाय ठणकू लागले तेव्हा रबराचे तुकडे कापून, मधे उंचवटा देऊन, बुटात घालायचे सोल स्वतःच बनवले. पुढे माझ्या अंगठ्याचं हाड बाहेर आलं, तेव्हा मला बुटांच्या दुकानात ओढून नेलं त्यांनीच. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. बुटातला सोल काढून जमिनीवर ठेवायचा, त्यावर उभं राहायचं. बोटं बाहेर सांडली की बूट परत. बायकांच्या प्रत्येक बुटात माझी बोटं सांडली.

"पुरुषांचे दाखवा," वन्सं म्हणाल्या. विक्रेता घुटमळला. "अरे, वहिनींच्या पायाला मिशा नाहीत, मान्य. तरी दाखव!"

तेव्हापासून मी साडीवर पुरुषी बूट घालते, लग्नाकार्यातसुद्धा. सुनेला आवडत नाही. न आवडू दे.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मिलिंदने दानाचं सामान आणलं. गेलेल्या माणसाची वाट काट्याकुट्यांची, म्हणून छत्री देतात, चपला देतात. ह्याने आणल्या होत्या सोनेरी, नाजूक, टोकदार... थेट माझ्या तरुणपणीच्या!

"आई, दानापुरत्याच तर आहेत."

"जन्मभर पायांसाठी भांडली ती बाई. तिला आता ह्या चिमट्यात घालून पाठवतोस?"

"गुरुजी काय म्हणतील?"

"गुरुजी नुसते घेणार. चालायचं वन्संना आहे."

त्यांच्या जुन्या बुटातला सोल मी काढून घेतला. वापरून वापरून त्यावर काळपट पाऊल उमटलं होतं, टाचेपासून बोटांपर्यंत सलग. गाडीत तो मांडीवर घेऊन बसले. दुकानात एकेका बुटातला सोल काढायला लावला आणि त्यावर हा ठेवून पाहिला. कुठे करंगळी बाहेर, कुठे टाच... मिलिंदने दोनदा घड्याळ पाहिलं. मी हलले नाही. शेवटी एका रुंद, काळ्या, पुरुषी बुटात वन्संचं पाऊल अख्खं मावलं.

पोरगेला विक्रेता खोकं बांधता बांधता म्हणाला, "आजी, ज्यांना घालायचेत त्यांनाच आणायचं ना. नाही बसले तर?"

"नाही बसले तर त्या स्वतः येतील तुझ्याशी भांडायला," मी म्हणाले. "तू बांध."