पारूचं अर्धं वाक्य

चंद्राबाई भरे गावच्याच. विशीच्या आत कपाळ पांढरं झालं, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं. परत आल्या त्या पौड रस्त्यावरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे चंद्राबाईच. हात असा हलका, की सुई कधी गेली ते माणसाला कळायचं नाही.

सत्तावन्न सालच्या भातकापणीत डोंगरावरच्या वाडीतल्या बुधाने आपल्या बायकोला, पारूला, पाठुंगळी आणलं. विळा लागून पाय मांडीपर्यंत सुजलेला, अंगात फणफणून ताप. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पेनिसिलीन, शिरेतून. आणि ते दुसऱ्या गावाला निघून गेले.

असं जबर औषध देण्याआधी काय करायचं, ते चंद्राबाईंना पाठ होतं. पूर्वी सुई घेतली होती का, अंगावर काही उठलं होतं का, हे विचारायचं. कातडीखाली थेंबभर टोचून वाट बघायची. उलटलं तर द्यायचं औषध हाताशी ठेवायचं. पण त्या दिवशी ओटीवर तीस-चाळीस माणसं ताटकळत होती, आणि पारूची शीर महत्प्रयासाने सापडली होती.

पारूने मान उचलली. "बाई, मागं पौडाला सुई घेतली, तवा—"

"गप पडून राहा. शीर निसटंल."

औषध आत गेलं. पारू गळा खाजवू लागली. ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. उताऱ्याचं औषध कपाटात, कपाटाला कुलूप. चंद्राबाई ते घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"होतं असं कधीकधी. तुमचा दोष नाही," परत आल्यावर डॉक्टर म्हणाले. पारू बोलत होती, हे चंद्राबाईंनी त्यांना सांगितलंच नाही.

मग ते सुरू झालं. भर दुपारी, माणसांच्या गलबल्यात, कुणाचा दंड बांधून शीर चाचपायला लागल्या की कानाशी स्वच्छ ऐकू यायचं, "तवा—". पुढं काही नाही. ते वाक्य त्या मनातल्या मनात पुरं करायच्या. तवा गांधी उठल्या. तवा दम कोंडला. रोज निराळं, आणि एकही खरं वाटायचं नाही. पारू गेली ती खिडकीजवळची खाट त्यांनी अडगळीत टाकायला लावली. तरी त्या रिकाम्या जागेवरून जाताना अंग चोरून जायच्या. शेवटी शिरेतली सुई देणंच त्यांनी सोडलं.

सहा वर्षांनी बुधा पुन्हा आला. या खेपेला पाठीवर पोरगी होती, लीला. मान ताठलेली, डोळे पांढरे.

डॉक्टर त्या दिवशी होते, पण आत एक बाळंतीण अडली होती. "मेंदूचा ताप आहे. पेनिसिलीन शिरेतून, लगेच," ते दारातूनच म्हणाले. "मला इथून हलता येत नाही. तुम्हीच द्या."

चंद्राबाई सुई हातात धरून उभ्या राहिल्या. मग ती खाली ठेवून बुधाकडे वळल्या.

"बुधा, तुझी पारू मला कायतरी सांगत व्हती. मी तिला गप केलं."

"ठावं हाय," बुधा म्हणाला. "मी दारातच व्हतो."

"मग पोरीला हितं कशापाई आणलीस?"

"दुसरं कुटं नेऊ?" त्याने पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली. "आता ईचारा, काय ईचारायचं त्ये."

त्यांनी विचारलं. पोरीला आजवर सुई ठाऊक नव्हती. मग धीर एकवटून त्यांनी त्यालाही विचारलं, "पारू काय सांगत व्हती रं?"

"तवा अंगाला लई खाज सुटली व्हती. निस्ती खाज. मला वाटलं, बाईला समदं कळतंय, म्हून मी बी बोललो न्हाई."

चंद्राबाईंनी लीलाच्या हातावर थेंब टोचला आणि समोर बसून राहिल्या. कातडी उठली नाही. मग उताऱ्याच्या औषधाची उघडलेली कुपी शेजारी ठेवून, नाडीवर बोट धरून, त्यांनी पेनिसिलीन थेंबाथेंबाने सोडलं. बाहेर माणसं ओरडत होती. त्यांनी वर पाहिलं नाही.

अकराव्या दिवशी लीला आपल्या पायांनी ओटी उतरली. त्या तापापायी डाव्या कानाने तिला पुढं कमीच ऐकू आलं, पण जगली. जाताना बुधाने मागे वळून बघितलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत चंद्राबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी पुढच्या माणसाला खाटेवर निजवलं.